बालवाडीत शरद ऋतू शिकवताना

तक्त्यावरच्या शरद ऋतूत लालपिवळी पानं गळतात. आमच्या रत्नागिरीकडे ऑक्टोबरात पानं कुठली गळायला, भात पिकतं! म्हणून मी तक्ता गुंडाळून ठेवते आणि मुलांना बांधावर नेते. साडेनवाच्या आत परत, नंतर ऊन सोसत नाही.

शेतवाल्या काकांना विचारून प्रत्येकाला एकेक लोंबी द्यायची, देठासकट. सुटे दाणे मोठ्या गटालाच. एका वर्षी एकाने दाणा नाकात घातला आणि माझी पाचावर धारण बसली.

वर्गात आल्यावर आधी लोंबी कानाशी हलवून ऐकायची. मग नखाने एकच दाणा सोलायचा. वर खरखरीत तूस, आत तांबूस पातळ साल, मग तांदूळ. "बाई, ह्यो शिजलो नाय!" असं दरवर्षी कोणीतरी म्हणतंच. एका दाण्यावर पंधरा मिनिटं सहज जातात, जाऊ द्या. नंतर हात धुवायला लावा, कुसळं खाजतात.

मोजणी दहापर्यंत पुरे. दहा दाण्यांची ओळ कागदावर खळीने चिकटवायची.

दिवाळीच्या सुट्टीआधी कारीट आणते. हिरवी, पट्ट्यांची, लिंबाएवढी. घरंगळवून कुणाचं लांब जातं ते पावलांनी मोजायचं. नरकचतुर्दशीला घरी चिरडून जिभेला लावतात ते वेगळं. वर्गात चाखू देऊ नका, जहाल कडू असतं. कंदिलाला घोटीव कागद घ्या, जिलेटिन छोट्या हातांना आवरत नाही.