हेडलाइट मिणमिणते, बल्ब बदलूनही फरक नाही: दोष वायरिंगचा निघाला

जुनी हॅचबॅक, एच४ हॅलोजन (एकाच बल्बमध्ये हाय आणि लो बीम). लो बीम पिवळट. ताम्हिणीत पावसात कडेचा पांढरा पट्टासुद्धा दिसेना.

आधी १००/९० वॅटचे (हाय/लो बीम) बल्ब टाकले. महिन्याभरात होल्डरचं प्लास्टिक वितळून पिनांना चिकटलं. होल्डर बदलून एलईडी लावले. उजेड पांढराशुभ्र पण विखुरलेला, समोरचा प्रत्येक जण डिपर मारायचा. रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेसाठी घडवलेला, एलईडीची चिप तिथे नेमकी बसत नाही. दोन्ही वेळचे पैसे पाण्यात.

मग कंपनीचेच ६०/५५ वॅटचे बल्ब परत लावून मल्टिमीटर धरला. इंजिन आणि लो बीम चालू: बॅटरीवर १३.८ व्होल्ट, बल्बच्या पिनांवर ११.७. दोन व्होल्ट वाटेतच गायब! हॅलोजनला दहा टक्के व्होल्टेज कमी पडलं तरी उजेड साधारण तीस टक्क्यांनी घटतो.

केलं ते असं. बॅटरीची निगेटिव्ह काढली. अर्थिंगचा बोल्ट सोडवून खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासला. दोन रिलेचं, सिरॅमिक होल्डरवालं तयार वायरिंग आणलं. रिले म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा स्विच; त्यामुळे बल्बचा करंट जुन्या वायरिंगमधून न जाता थेट बॅटरीतून येतो. गाडीचा एक होल्डर रिलेच्या ट्रिगरला (इशारा घेणाऱ्या टोकाला) जोडला, दुसरा टेप गुंडाळून बांधून टाकला. रिलेची ३० नंबरची पिन फ्यूजमधून थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला. (काही गाड्यांत स्विच निगेटिव्ह बाजूला असतो, ते आधी तपासा.) बल्ब काचेला बोट न लावता बसवले. शेवटी भिंतीपासून पाच मीटरवर गाडी लावून लो बीमची वरची रेघ बल्बच्या उंचीपेक्षा पाच सेंटिमीटर खाली आणली.

आता पिनांवर १३.५ येतात.