फुटबॉलवाले सर आणि बेसबॉलची टीम

बीपीएड, एमपीएड या शारीरिक शिक्षणाच्या पदव्या, मग सेट-नेट, वर १२ मिनिटांची धावण्याची चाचणी. एवढं करून कॉलेजात क्रीडा संचालक म्हणून लागलेल्याला वाटतं, आता आपला खेळ शिकवायचा. तसं नसतं. मी जन्मभर फुटबॉलवाला, आणि दुसऱ्याच वर्षी प्राचार्य म्हणाले, "सर, यंदा बेसबॉलची टीम जाऊ द्या." ग्लोव्ह मी तोवर हातातसुद्धा घातला नव्हता.

पोरं जमली ती सगळी क्रिकेटची. चेंडू आला की ग्लोव्ह राहायचा बाजूला, उघडा हात पुढे. ग्राउंडर, म्हणजे जमिनीलगतचा फटका, मारला की जावं की नाही, बघत उभी. अरे, इथे 'नो' म्हणायची सोयच नाही! फाऊल रेषांच्या आत चेंडू पडला की पळायचंच, बॅट टाकून. एक पठ्ठ्या बॅटसकट पहिल्या बेसवर, म्हणजे धावून गाठायच्या पहिल्या थांब्यावर, पोचला आणि क्रीझमध्ये टेकवावी तशी ती बेसवर टेकवून उभा राहिला.

पिचिंग, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणं, मला येत नव्हतं, येत असल्याचं सोंगही केलं नाही. पिचरच्या पट्टीपासून बॅटरजवळची होम प्लेट ६० फूट ६ इंच, म्हणजे ६६ फुटी खेळपट्टीपेक्षा कमीच. पण बॉलरचा ताठ हात इथे कामाचा नाही. जिल्ह्याच्या एका जुन्या पिचरला गाठलं. तो शिकवायचा, मी पोरांमध्ये बसून ऐकायचो. नव्या सरांना हे कमीपणाचं वाटतं. वाटू देऊ नका.

माझ्याकडे होती ती फुटबॉलची नजर. तिथे चेंडू पायात असतो थोडाच वेळ, बाकी सगळा खेळ जागा धरण्याचा. इथे बघतो तर शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फिल्डर, पहिल्या बेसकडे फेकतोय आणि उरलेले प्रेक्षक! मग थ्रो हुकला तर चेंडू अडवायला प्रत्येकाला काम लावलं. बेस रिकामे असतील तर बॅटरमागे बसणाऱ्या कॅचरने, बॅटर पळाला की त्याच्या पाठोपाठ पहिल्या बेसच्या मागे जायचं, राइट फिल्डरने आत धावायचं. पहिल्या बेसवर रनर असताना राइट फिल्डरकडे फटका गेला, तर पिचर तिसऱ्या बेसच्या मागे. बेसबॉलवाल्यांना यात नवीन काहीच नाही. पण रोज वीस मिनिटं, तेही चेंडूशिवाय, करून घेणारं आमच्याकडे कोणी दिसलं नाही. मी ओरडायचो, "शॉर्टला ग्राउंडर!" आणि नऊच्या नऊ सुटायचे. शेजारची हॉलीबॉलची पोरं पोट धरून हसायची.

सेमीफायनलला एका रनची आघाडी, शेवटची इनिंग. थ्रो पहिल्या बेसमनच्या डोक्यावरून गेला. रनर खुशीत दुसऱ्याकडे वळला, पण मागे आमचा कॅचर उभाच होता. दुसऱ्या बेसवर आऊट.

फायनल सपाटून हरलो. पिचरचा खांदा दुखायला लागला आणि दुसरा पिचर मी तयारच केला नव्हता. पुढच्या जूनला ग्राउंडवर गेल्या गेल्या आधी पिचिंगसाठी तीन हात शोधले. त्यातला एक डावखुरा निघाला, आणि मागवलेले ग्लोव्ह सगळे उजव्यांचे.