वरातीच्या घोडीला भाल्याच्या शोसाठी कसं तयार करायचं

विदेशातल्या जाउस्टिंगचे, म्हणजे घोड्यावरच्या भालेबाजीचे व्हिडिओ पाहून आपल्याकडचे पोट्टे विचारून राहिले की भाऊ, शिवजयंतीच्या कार्यक्रमात असं काही जमते का, चिलखत घालून दोन स्वार भाले रोखून समोरासमोर सुटायचे. जमते, पण आधी वजनाचा हिशोब समजून घ्या. तिकडचे शोवाले बरेचदा पर्शेरॉन नाहीतर शायर असे ओढकामाचे दांडगे घोडे घेतात, कारण ते थंड डोक्याचे असतात अन्‌ लोखंड अंगावर घातलेला माणूस आरामात पेलतात. शायर 900 किलोच्या आसपास भरतो, आपला मारवाडी 350-400, काठियावाडी त्याहून हलका. स्वतःच्या वजनाच्या 20 टक्क्यांवर ओझं नको असा ढोबळ नियम आहे, म्हणजे आपल्याकडे खोगीर धरून 70-80 किलोत सगळं बसवायचं. म्हणून स्वार सडपातळ पाहा अन्‌ चिलखत फोमचं शिवून घ्या. मंडळाच्या अध्यक्षाला लय हौस असली तर त्याला बग्गीत बसवा.

घोडी निवडताना देखणी, उसळणारी घेऊ नका बे. वरातीत मुरलेली, वयानं थोडी मोठी घोडी बेस्ट, तिला डीजे, संदल, फटाके, लायटिंग, सगळ्याची सवय असते अन्‌ हेच शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागते. पण तिच्यात दोन खोडी असतात. एक म्हणजे कोणी लगाम धरून पुढं चालल्याशिवाय ती हलत नाही, अन्‌ दुसरी, नाचायला शिकवलेली असली तर ढोल ऐकला की जागेवरच पाय उचलते. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे म्युझिक बंद, नुसतं सरळ चालणं, दुडकी, थांबणं, वळणं. लगाम एका डाव्या हातात धरून मानेला टेकवला की वळली पाहिजे, कारण उजव्या हातात भाला येणार.

भाला म्हणजे आधी साधा लांब बांबू. तो जमिनीवर टाकून ठेवा, हुंगू द्या, मग बाजूनं फरफटत न्या, मग खांद्याला हळूच लावा, अन्‌ हे दोन्ही बाजूनं करा, डावीकडून पटलं म्हणून उजवीकडून पटते असं नाही. घोडीच्या डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागला, कान मागं चिकटले, नाकपुड्या फुगल्या की तिथंच थांबायचं, मान खाली टाकून ओठ चाटायला लागली की आजच्यापुरतं पुरे. स्वार बसल्यावर भाल्याचं टोक तिच्या मानेवरून डावीकडं जाते, म्हणजे पूर्ण वेळ डाव्या डोळ्यासमोर काहीतरी हलत राहते, त्यामुळं पहिले बरेच दिवस नुसत्या चालीवरच भाला धरायचा, घाई केली की ती कायमची तिरकी पळायला शिकते.

मग समोरासमोर येणाऱ्या दोन घोड्यांच्या मधातलं कुंपण. बांबू ठोकून कापड बांधा, पिवळं किंवा निळं, घोड्याला लाल रंग नीट कळत नाही. दोन्ही घोड्या आपापल्या डाव्या हाताला कुंपण ठेवून जातात. आधी एकटीला, मग एकीमागं एक, मग समोरासमोर पण चालीवर, शेवटी दुडकी. चौखूर पळवायची गरजच नाही, पब्लिकला आवाज अन्‌ धूळ पुरते.

माणसावर भाला मारायचा आपल्याकडं नाहीच, स्पष्ट सांगतो. तिकडं टोकाला बाल्सा लाकूड लावतात, ते लगेच तुटते, तरी लोकं जखमी होतात, अन्‌ फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री 1559 मध्ये अशाच खेळात तुटलेल्या भाल्याचा तुकडा डोक्यात घुसून मेला. त्यापेक्षा लटकवलेल्या कड्या भाल्यात ओवा, अमेरिकेतल्या मेरिलँड राज्याचा तर 1962 पासून हाच अधिकृत खेळ आहे.

प्रॅक्टिस नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळीच, मातीच्या मैदानावर, डांबरी रस्त्यावर नाल घसरते. मे महिन्यात 45 डिग्रीत कोणी दहा हजार जास्त दिले तरी नाही म्हणा. सुरू करण्याआधी नागपुरात सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात पाठ अन्‌ पाय दाखवून आणा.

शो संपला की तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, ढिला करा, श्वास खाली येईपर्यंत हातानं चालवा, पाणी पाजा, झुलीखाली घासलं का ते पाहा. सेल्फीवाले येतीलच, त्यांना खांद्याजवळ उभं करा, मागून कोणालाच जाऊ देऊ नका.