कॅमेऱ्याचा पट्टा आधी टोकांना तपासा

कोल्हापुरात आमचं कॅमेरे भाड्यानं द्यायचं दुकान आहे. लग्नसराईत सोमवारी सकाळी सगळे सेट एकदम परत येतात, आणि लेन्सच्या काचेआधी माझा हात जातो तो पट्ट्याच्या टोकांवर. पोरांना वाटतं, ताई डिपॉझिट कापायला कारण शोधतायत. पण काचेवरच्या बारीक ओरखड्यानं फोटोत सहसा फरक पडत नाही. पट्टा निसटला तर बॉडी आणि लेन्स दोन्ही एकदम फरशीवर.

निसटला म्हणतेय, तुटला नाही. पट्टा मधे तुटलेला मी जवळजवळ बघितलेलाच नाही. गळ्यावरची गादी, रुंदी, रंग, नक्षी यांवर लोक पैसे घालतात. बिघडतात ती टोकं: बकल, शिलाई, रिंग, स्क्रू. म्हणून नवीन पट्टा घेताना आणि जुना तपासताना मधला भाग सोडून द्या. दोन्ही टोकांची वीतभर जागा उजेडात धरा.

टोकांवर भार किती येतो ते बघा. कॅननची ५डी मार्क फोर बॅटरी आणि कार्डासकट ८९० ग्रॅम. तिला ७०-२०० एफ २.८ ही लांबची लेन्स लावली की आणखी दीड किलोच्या आसपास. म्हणजे उभं असताना पट्ट्यावर साधारण २.४ किलो, जे कुठलाही बरा पट्टा सहज पेलतो. पण कॅमेरा खांद्यावरून घसरला, अर्धा मीटर खाली गेला आणि पट्ट्यानं त्याला ताण खात पाच सेंटिमीटरांत थांबवलं, तर झटका सरासरी वजनाच्या अकरा पट बसतो. २.४ चे २६ किलो, आणि तेही बऱ्याचदा एकाच कानावर, म्हणजे बॉडीच्या बाजूला पट्टा अडकवायची जी कडी असते तिच्यावर. सैल बकल नेमकं तेव्हा सुटतं. एरवी ते महिनोन्महिने बिनतक्रार लटकत असतं.

आता बकलात पट्टी, म्हणजे पट्ट्याचं अरुंद टोक, ओवायची कशी, ते नीट सांगते, कारण दुकानात सगळ्यात जास्त चुकलेलं दिसतं ते हेच. पट्टीच्या टोकावर आधी प्लास्टिकचं छोटं कडं सरकवा. मग टोक बाहेरून कॅमेऱ्याच्या कानातून आत घ्या, मागे वळवा आणि त्याच कड्यातून परत काढा. इथपर्यंत सगळे बरोबर करतात. पुढे बकलाशी आल्यावर टोक वरून ओवतात आणि शेपूट बाहेर लोंबतं ठेवतात. तसं करू नका. बकलातली पट्टी आधी सैल करून तिचा फुगा काढा. टोक त्या फुग्याच्या आतून घाला, बकलाच्या एका फटीतून वर आणि दुसऱ्या फटीतून खाली. मग फुगा ओढून सपाट करा. आता टोक दोन पट्ट्यांच्या मधे दाबलं गेलं. भार जितका वाढेल तितकं ते घट्ट आवळलं जातं, आणि बाहेर काही लोंबत नसल्यामुळे दिसायलाही नीट. बकलाच्या पुढे निदान चार बोटं शेपूट शिल्लक पाहिजे. लांबी वाढवायच्या नादात एक बोटच उरत असेल, तर तो पट्टा तुमच्या उंचीला आखूड आहे, दुसरा घ्या.

ओवून झालं की कॅमेरा गादीवर ठेवून पट्ट्याला दोन-तीन जोरदार हिसके द्या. नायलॉन नवीन असताना गुळगुळीत असतं, पहिल्या हिसक्यांत थोडं सरकून बसतं. मग शेपूट बकलाबाहेर जिथे येतं तिथे चंदेरी मार्करनं बारीक रेघ मारा. महिन्याभरानं रेघ बकलात शिरलेली दिसली तर पट्टी सरकतेय. आमच्या सगळ्या पट्ट्यांवर अशी रेघ आहे, आणि नवी गिऱ्हाईकं ती पुसायला बघतात.

कॅननच्या मोठ्या बॉडीला पट्टी थेट कानात जाते. सोनी, फुजीच्या बऱ्याच बॉडींना आणि निकॉनच्या कित्येक डीएसएलआरना त्रिकोणी रिंग असते. ही रिंग किचेनच्या रिंगेसारखी गुंडाळलेल्या तारेची. बसवताना ती पूर्ण फिरली पाहिजे, तारेचं टोक आपल्या जागी दबलं पाहिजे. अर्धवट फिरलेल्या रिंगेत नखाएवढी फट राहते आणि पट्टी त्या फटीतून हळूहळू वाट काढते. रिंगेमागे काळा प्लास्टिकचा किंवा चामड्याचा छोटा तुकडा येतो, तो बॉडीचा रंग घासू नये म्हणून. तो काढून टाकू नका. दर काही महिन्यांनी रिंग बाजूला सरकवून कानाच्या आतल्या कडेवरून नख फिरवा. पप्पांच्या जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या कानाला पोलादी रिंगेनं घासून घासून खाच पाडली आहे, नख तिथे अडकतं. खाच पडली की रिंग बदलून भागत नाही, कानच बदलावा लागतो, म्हणजे बॉडी उघडावी लागते. म्हणून भरपूर काम करणाऱ्यांनी रिंग झिजलेली दिसताच बदलावी. ती अगदी स्वस्त वस्तू आहे.

आडव्या, कमरेवर लोंबणाऱ्या पट्ट्यांबद्दल माझं मत आधीच सांगून टाकते: सोय झकास, भरवसा अर्धा. हे पट्टे कॅमेऱ्याच्या बुडाशी ट्रायपॉडच्या भोकात स्क्रूनं बसतात. पाव इंची स्क्रू, इंचाला २० आटे, आणि त्यातले आत पकडणारे मोजकेच. तुम्ही चालता तसा कॅमेरा झुलतो आणि प्रत्येक झोक्याला स्क्रूला किंचित पीळ देतो. वरातीत चार तास नाचत्या गर्दीबरोबर चाललात की तो पीळ साठत जातो. स्क्रूच्या बुडाशी रबराचा वायसर असलाच पाहिजे. तो कडक, चकचकीत झाला असेल तर बदला. वरातीआधी, मधे जेवणाच्या वेळी आणि शेवटी बोटांनी पिळून बघा. काहीजण लॉकटाईट, म्हणजे आटे धरून ठेवणारं द्रव, लावतात. निळं, सुटणारं, फक्त हूक आणि प्लेटच्या जोडावर लावलं तर ठीक. लाल नको, ते तापवल्याशिवाय सुटत नाही. आणि कॅमेऱ्याच्या भोकात कुठलंच नको, असली द्रवं काही प्लास्टिकांना तडे पाडतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुसरी दोरी. स्क्रूच्या हुकापासून कॅमेऱ्याच्या कानापर्यंत एक बारीक मजबूत लूप. स्क्रू सुटला तरी कॅमेरा तिच्यावर लोंबत राहतो. ही दोरी नसेल तर मी असा पट्टा दुकानाबाहेर जाऊ देत नाही.

त्या पट्ट्यांचा हूकही बघा. स्वस्तातले हूक जस्ताच्या मिश्रधातूचे, साच्यात ओतलेले असतात. ते वाकत नाहीत, एकदम कडकन मोडतात. लोहचुंबक चिकटला तर पोलाद आहे असं समजा. नाही चिकटला तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नका, बरंचसं स्टेनलेसही चुंबकाला दाद देत नाही. हुकाची जीभ बोटानं दाबून सोडा. ती टुणकन परत आली पाहिजे, आळसात नाही. पिळून बंद होणारी जीभ असेल तर उत्तम.

पटकन काढता येणाऱ्या गोल चकत्यांची पद्धत हल्ली सगळ्यांना आवडते: चकती दोरीनं कानाला बांधलेली, ती पट्ट्याच्या टोकातल्या खाचेत बसते. पीक डिझाईनच्या चकतीची दोरी कंपनी ९० किलोपर्यंत पेलते म्हणते, आणि झिजल्यावर आतला वेगळा रंग दिसतो, की बदलायची वेळ झाली. तशाच दिसणाऱ्या नकला बाजारात ढिगानं आहेत. त्यांच्या दोरीला आत-बाहेर एकच रंग, मग झीज कळणार कशी? अस्सल असो की नक्कल, चकती बसताना टक् आवाज आला का ते ऐका आणि मग ओढून बघा.

मोठ्या लेन्सचा एकच नियम आहे. निकॉनची २००-५०० साधारण २.३ किलोची आहे, बॉडीच्या दुप्पट. अशा लेन्सला ट्रायपॉडवर बसवायचा स्वतःचा पाय असतो, पट्टा तिथे अडकवायचा. बॉडीच्या कानाला अडकवून चाललात तर सगळं ओझं माउंटवर, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या जोडावर येतं.

चामड्याचं बोलू, कारण आमच्या गावात ते टाळता येत नाही. चप्पल लाईनमधून, म्हणजे चपलांच्या बाजारातून, पट्टा शिवून घ्यायची हौस बऱ्याच जणांना असते, आणि कारागीर हात राखून काम करत नाहीत, खरंच. पण सांगताना तीन गोष्टी सांगा. शिलाई दोन सुयांची, हातची हवी. मशीनच्या शिलाईत एक दोरा तुटला की पुढचे टाके सैल होत जातात, दोन सुयांच्या शिलाईत शेजारचा टाका धरून राहतो. दोरा पॉलिएस्टरचा हवा, सुती नको, तो घामानं कुजतो. आणि टाके फार जवळजवळ नकोत, नाहीतर चामडं पोस्टाच्या तिकिटासारखं त्या रेघेवर फाटतं. पावसाळ्यात चामडं भिजलं की भोकं लांबतात, बुरशी येते. ओलं चामडं पंख्याखाली वाळवा, चुलीजवळ किंवा उन्हात नाही. तडे बघायचे तर टोक उलटं दुमडून बघा. आणि चामड्यासारखं दिसणारं रेग्झिन असेल तर दमट हवेत त्याची सालपटं निघणार हे धरून चाला.

नायलॉन ओलं झालं की थोडं कमजोर होतं आणि वर्षानुवर्षं उन्हात राहिलं तर आतून विरतं. रंग उडून पट्टी खडखडीत लागायला लागली की ती गेली. गाडीच्या बॅटरीजवळ पट्टा ठेवू नका. आम्ल नायलॉन खातं, आणि डोळ्यांना काही दिसतही नाही.

जोतिबाच्या चैत्र यात्रेहून आलेला पट्टा मी आधी कोरडाच झटकते, मग ब्रश मारते, पाणी सगळ्यात शेवटी. आधीच ओला केला तर गुलालाचा चिखल होऊन बकलात बसतो आणि सुकला की बकल नीट आवळत नाही. जेजुरीच्या भंडाऱ्याचंही तेच, शिवाय हळदीचा डाग सहजासहजी जात नाही, त्याचा नाद सोडा. झटकून झाल्यावर कोमट पाणी, साधा साबण, जुना टूथब्रश. वॉशिंग मशीन नको. मालवणहून आलेला पट्टा त्याच रात्री गोड्या पाण्यात बुडवून काढा, मिठाचे कण सुकले की धाग्यांना आतून कापत राहतात. सावलीत, वाऱ्यावर दिवसभर वाळवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय बॅगेत भरू नका.

आतापर्यंत कॅमेरा वाचवायचं बोलले. पट्ट्यापासून माणसालाही वाचवायला लागतं, आणि ते फार कमी लोक डोक्यात घेतात. हिवाळ्यात गुऱ्हाळाचे फोटो काढायला पोरं येतात. रस काढणाऱ्या चरकाच्या रुळांजवळ वाकताना गळ्यात पट्टा असला तर, भावांनो, नाद करायचा नाही. ऊस जसा आत ओढला जातो तसाच पट्टा जाईल, आणि तो सुटणारा नाही. तिथे कुठलाच पट्टा नको, लांबून मोठी लेन्स वापरा. वरातीतल्या जनरेटरच्या उघड्या पंख्याजवळ आणि बेल्टजवळही तेच. दुचाकीवर कॅमेरा बॅगेत, बॅगेची चेन बंद. ओढणी चाकात अडकून काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, पट्टा वेगळा नाही. शिवाय पडलात तर छातीवरचा कॅमेरा बरगडीत घुसतो. दोन बॉडी असतील तर दोन्ही गळ्यात नको, खांद्यांवर भार वाटणारा हार्नेस घ्या, मान तुमचीच आहे. टेबलावर कॅमेरा ठेवला की पट्टा गुंडाळून वर घ्या. रांगणारं मूल लोंबतं टोक ओढतंच. ट्रायपॉडवर असताना पट्टा काढूनच ठेवा, वाऱ्यात तो फडफडतो आणि फोटो हलतो.

टाकून कधी द्यायचा? एकाच जागचे दोन-तीन टाके तुटले, पट्टीच्या कडेचे धागे विरले, बकलाला केसाएवढा तडा गेला, किंवा मोठा हिसका बसून पट्ट्यानं एकदा कॅमेरा वाचवला असेल, तर निवृत्त करा. बॅग दुरुस्तीवाल्याकडून गादी शिवून घ्या हवी तर, पण भार धरणारं टोक शिवून परत वापरू नका. आणि कचऱ्यात टाकताना कात्रीनं दोन तुकडे करा. आम्ही एकदा अख्खा टाकला होता. आठवड्यानं तोच पट्टा शेजारच्या स्टुडिओतल्या पोराच्या गळ्यात.