टोळ्या उसाला जाण्याआधी: मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या आरोग्याची आखणी

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधल्या शिरूर कासार, पाटोदा, धारूर भागातून टोळ्या ऊसतोडीला निघतात. मार्च-एप्रिलपर्यंत कितीतरी घरांत उरतात ती म्हातारी माणसं आणि शाळेतली नातवंडं. त्यांच्या दवापाण्याची आखणी गाड्या भरायच्या आधीच करा. ७० वर्षांवरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्डही (दवाखान्यातल्या मोफत उपचारांचं सरकारी कार्ड) तेव्हाच काढा. आधारला बहुतेक वेळा मुलाचा नंबर जोडलेला असतो, ओटीपी त्याच्याबरोबर उसाच्या फडावर जातो; अंगठा घ्यावा तर कष्टानं रेषा झिजलेल्या.

मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी घरोघर जाऊन करा. पंचायतीत बसून केली की अंथरुणाला खिळलेली आजीच नेमकी सुटते. आजार, गोळ्या, मुलाचा आणि टोळीच्या मुकादमाचा नंबर लिहाच, पण स्वयंपाक कोण करतं आणि रात्री सोबतीला कोण असतं, हेही विचारा. धडधाकट दिसणारी एकटी बाई इथेच सापडते.

एकट्यांकडे आणि अंथरुणावरच्यांकडे रोज डोकवायचं, बाकीच्यांकडे आठवड्याला. आशाताईंकडे आधीच साधारण हजार माणसांचं काम असतं. सगळं त्यांच्यावर टाकू नका. आठ-दहा घरांमागे गल्लीतलंच एक माणूस ठरवा.

गोळ्या वाटल्या म्हणजे पोटात गेल्या असं नाही. प्रत्येक भेटीत स्ट्रिप हातात घेऊन उरलेल्या गोळ्या मोजा. बीपीची गोळी चालू आणि जेवण अर्ध्यावर, असं झालं की उठताना चक्कर येते, माणूस पडतं, खुबा मोडतो. पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घ्या, मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर उपकेंद्रात कळवा. गोळी आपल्या मनानं बंद करू नका.

साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकादशीआधी गाठा. उपवास आणि ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) एकत्र आले की साखर फार उतरते; घाम, थरथर, बरळणं सुरू होतं. लगेच तीन चमचे साखर पाण्यात द्या. पंधरा मिनिटांत उतार नसेल तर पुन्हा द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ लावा.

१०८ ला फोनवर पत्ता नीट सांगता यावा म्हणून वस्तीचं नाव, जवळची खूण आणि चालू गोळ्या एका कागदावर लिहून दाराच्या आतून चिकटवा. एकटं माणूस रात्री आतून कडी लावून झोपतं. ती काढून बाहेरून उघडेल असं कुलूप बसवा आणि दुसरी किल्ली शेजारी ठेवा.