बाईकचं ऑइल कसं निवडायचं: इंजिन, प्रायमरी आणि गिअरबॉक्स

कुठलं ऑइल टाकू हे विचारायच्या आधी आपल्या गाडीत ऑइलचे कप्पे किती ते बघा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं. आजच्या बहुतेक बाईकमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर सगळ्यांना मिळून एकच ऑइल असतं. हार्लेच्या मोठ्या व्ही-ट्विनमध्ये किंवा जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये इंजिन, प्रायमरी (इंजिनची ताकद क्लचपर्यंत नेणाऱ्या चेनचा कप्पा) आणि गिअरबॉक्स तिन्ही वेगळे, आणि हार्लेच्याच एअर-कूल्ड स्पोर्टस्टरमध्ये इंजिन वेगळं पण प्रायमरी आणि गिअरबॉक्स एकत्र. मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं.

मग बघायचं की क्लच कुठल्या ऑइलमध्ये भिजतोय. त्या कप्प्यात जासो (बाईकच्या ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलंच ऑइल पाहिजे, हे मार्किंग बाटलीच्या मागच्या बाजूला छोट्या चौकटीत असतं. एमबी असेल तर नको, ते स्कूटरसाठी असतं, त्यात घर्षण कमी असतं आणि क्लच प्लेट घसरायला लागतात, म्हणजे थ्रॉटल दिला की आरपीएम वाढतो पण गाडी काही पळत नाही. कारच्या ऑइलवर एपीआयचा (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) गोल शिक्का असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागात ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ (इंधन वाचवणारं) लिहिलं असेल तर ते पण ओल्या, म्हणजे ऑइलमध्ये भिजणाऱ्या क्लचला लावू नका, कितीही महागाचं असलं तरी.

आता ग्रेड, म्हणजे ऑइलचा जाडपणा. २०डब्ल्यू-५० मधला पहिला आकडा थंडीतला, दुसरा इंजिन तापल्यावरचा, १०० अंश सेल्सिअसला मोजलेला. मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू-४० सांगितलं असेल तर गाडी जुनी झाली म्हणून उगाच जाड ऑइल टाकू नका.

गिअरबॉक्स वेगळा असेल तर तिथे खूप लोक फसतात, कारण गिअर ऑइलचे आकडे वेगळ्याच मापाचे असतात. ८०डब्ल्यू-९० वाचून वाटतं की हे इंजिन ऑइलच्या दुप्पट जाड असणार, पण गरम झाल्यावर ते साधारण ४० किंवा ५० च्या इंजिन ऑइलइतकंच जाड असतं. जीएल-४ की जीएल-५ (गिअर ऑइलचे एपीआयचे प्रकार) हे मात्र कंपनीने सांगितलंय तेच, काही जीएल-५ मधलं सल्फर-फॉस्फरसचं ॲडिटिव्ह पितळेच्या बुशला खाऊ शकतं.

प्रायमरीत चेन आणि ओला क्लच, त्यामुळे एपीआय जीएल वालं गिअर ऑइल तिथे अजिबात नको. आणि लेव्हल जास्त भरू नका, क्लच नीट सुटत नाही आणि सिग्नलला न्यूट्रल शोधत बसावं लागतं.

ऑइल बदलल्यावर ड्रेन बोल्टचा वॉशर नवीन टाका, आणि पुढे प्रत्येक कप्प्याची लेव्हल अधूनमधून वेगवेगळी बघत जा. इंजिनचं ऑइल उतरतंय आणि प्रायमरीचं आपोआप वाढतंय असं दिसलं तर मधलं सील गेलेलं असू शकतं, तेव्हा ग्रेड बदलत बसू नका, आधी सील तपासून घ्या.