उतरवलेल्या कौलांचा वाफा आणि रानातली करटोली

रोहिणी निम्मं सरलं, मृग 7-8 जूनला लागेल. कोकणात परसात रानभाज्या लावायच्या असतील तर वाफे आत्ताच करून ठेवा. पावसाने एकदा जोर धरला की चिखलात माती नीट बसत नाही.

घरांवर पत्रे चढले आणि मंगलोरी कौलं अंगणाच्या कडेला रचून राहिली. त्यांचाच वाफा करा. कौल उभं धरून सहा इंच जमिनीत गाडलं की वर नऊ-दहा इंचांचा काठ मिळतो. रुंदी चार फुटांपेक्षा जास्त नको, दोन्ही बाजूंनी हात पोचला पाहिजे. तळाला पालापाचोळा, वर माती आणि कुजलेलं शेणखत. आपल्याकडच्या पावसात उंच वाफाच टिकतो, पाणी साचलं की करटोलीचा कंद कुजलाच. जुन्या सिमेंट पत्र्याचे तुकडे मात्र लावू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतो. औषध फवारणीचे रिकामे डबेही भाजीसाठी नकोत, कितीही धुतले तरी.

आता करटोली, सिंधुदुर्गात जिला फागलां म्हणतात. हिचा नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. बी पेरलं तर फूल येईपर्यंत काही कळत नाही, म्हणून कंदच लावा. चार-पाच माद्यांमागे एक नर पुरतो. दोन कंदांत दीड-दोन मीटर अंतर ठेवा. फूल आलं की पाकळ्यांच्या खाली बघा: काटेरी इवलंसं करटुलं दिसलं तर मादी, देठावर टोपीसारखं पान दिसलं तर नर. फळ धरत नसेल तर ताजं उमललेलं नर फूल तोडून मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवा. एवढ्याशा कामाने वेल भरतो, मी दरवर्षी करते.

मांडवाला जुने बांबू आणि सुंभ वापरा. मासेमारीचं फाटकं जाळं टाकू नका. मी एकदा टाकलं होतं, त्यात धामण अडकली. कात्रीने एकेक धागा कापून सोडवेपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. उंदीर खाणारं जनावर ते, परसात हवंच.

टाकळा आणि कुरडू वेगळ्या वाफ्यात. कोवळी पानं खुडत राहा आणि बियांसाठी दोन-चार झाडं ठेवून बाकीची शेंगा-तुरे पिकण्याआधी उपटा, नाहीतर पुढच्या वर्षी सगळं शेत त्यांचंच. भारंगी कुंपणालगत लावा, ती वर्षानुवर्षं राहते. कळलावीचं फूल देखणं असलं तरी तिचा कंद जहरी. खायच्या कंदांजवळ ती नकोच.

बियाणं रानातून आणताना एका जागचे सगळे कंद उकरू नका, निम्म्याहून जास्त तिथेच राहू द्या.

आणि करटोलीला फुलं असतानाच नराच्या बुडाशी लाल चिंधी, मादीच्या बुडाशी पांढरी चिंधी खुंटीला बांधून ठेवा. पाऊस सरला की वेल वाळून नाहीसा होतो, मग कुठला कंद कुठला ते त्या खुंटीवरूनच समजतं.